सोनकांबळे लेमन

“डोळे मिटा आन हात पुढं करा.”

निवृत्ती सोनकांबळे यांची माझी ओळख या वाक्याने झाली. पुढे पाहिलं, तर कुणाशीही ओळख करून घ्यायची त्यांची हीच रीत होती. समोरच्याने डोळे मिटले, की ते त्याच्या हातात कोलाची रिकामी बाटली ठेवायचे. कमरेत बारीक, खाली-वर फुगीर, अंगावर उभ्या पन्हाळी. “सांगा, कशाची बाटली?” ज्याने ती पूर्वी एकदा जरी हाताळली असेल, तो लगेच ओळखायचा. मग सोनकांबळे असे खूश व्हायचे, की बाटली त्यांनीच घडवली असावी. “बगा! अंधारात हात लावला तरी वळखू यावी, फुटली तर तुकड्यावरून वळखू यावी, अशी बाटली करा म्हनून कंपनीनं कारागिरास्नी सांगितलं हुतं. तवा कुठं ही झाली.”

त्या जगप्रसिद्ध अमेरिकन पेयाचं पुरतं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. सगळे नुसतं ‘कोला’ म्हणत. मीही तसंच म्हणते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मला नायगावच्या शाळेत नोकरी लागली होती आणि वडील पोहोचवायला निघाले होते. आमचं गाव देवणीजवळ. बैलजोडी छावणीत सोडून आल्यापासून वडिलांचं बोलणं कमी झालं होतं. देगलूरच्या पुढे आमची एस.टी. बंद पडली. रस्त्याला सावली म्हणावी असं झाड नव्हतं. बऱ्याच वेळाने नांदेडकडे परतणारा बाटल्यांचा ट्रक आमच्यापाशी थांबला आणि पांढराशुभ्र शर्ट घातलेला, तेल लावून भांग पाडलेला तिशीचा माणूस खाली उतरला. तेच सोनकांबळे. नांदेडच्या एजन्सीत ते सेल्समन होते. त्यांनी म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायकांना आधी वर चढवलं, मग आम्हाला ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसवलं, आणि ट्रक सुरू होतो न होतो तोच वडिलांना डोळे मिटायला सांगितलं.

वडिलांनी बाटली चाचपली. म्हणाले, “भुईमुगाची शेंग हाय जनू.”

“काका, लाख बोललाव!” सोनकांबळे सीटवरच उडाले. “शेंग बगूनच केली हाय. फकस्त भुईमुगाची न्हाई, कोकोची. आन ती बी चुकून. ह्येच्यात कोको नसतंयच. कारागिरानं पुस्तकात भलतंच पान उगडलं!”

वडील किती दिवसांनी हसले. मग आमच्याकडे कुणीही विचारतं तसं त्यांनी विचारलं, “पाव्हणं, आडनाव काय म्हणायचं?”

“सोनकांबळे.”

वडिलांनी हातातली रिकामी बाटली सीटवर ठेवून दिली. सोनकांबळ्यांनी खोक्यातून एक भरलेली बाटली काढली, स्वच्छ फडक्याने तिची मान पुसली, झाकण नीट दिसेल अशी ती वडिलांच्या डोळ्यांसमोर धरली आणि मग उघडली. वडिलांनी झाकणाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि ती घेऊन घटाघटा प्यायले. सोनकांबळे तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते.

नायगावला मी रुळले आणि आठवड्यातून एकदा तरी तो ट्रक शाळेसमोरून जाताना दिसू लागला. शाळेच्या पलीकडे दुष्काळी काम चालू होतं. बाया-माणसं दिवसभर खडी फोडत. पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी नाही. तिथे कोला कोण घेणार? तरी ट्रक थांबायचा. सोनकांबळ्यांनी एजन्सीच्या मालकाला न विचारता ट्रकच्या मागच्या बाजूला एक टिपाड बांधून घेतलं होतं आणि नांदेडहून निघताना ते गोदावरीच्या पाण्याने भरून आणायला सुरुवात केली होती. मालकाने फैलावर घेतलं, तेव्हा म्हणाले, “साहेब, मानसं जगली तर उद्या कोला पितील. मेली तर कुनाला इकता?” मालक व्यापारी होता. त्याला ते पटलं.

पहिल्या दिवशी टिपाडाची तोटी उघडली तेव्हा मी शाळेच्या दारात उभी होते. मुकादमाने हटकलं, “पानी कुनी भरलंय?” सोनकांबळे म्हणाले, “मी.” पुढे आलेल्या बायकांपैकी निम्म्या जागीच थांबल्या. मग कडेवर पोर असलेली एक बाई पुढे झाली, तिने आधी पोराला पाजलं आणि मग स्वतः ओंजळ लावली. तिच्यामागून सगळ्या आल्या. टिपाड रिकामं झालं. सोनकांबळे आनंदात असतील असं समजून मी जवळ जाऊन म्हटलं, “भाऊ, छान झालं की. सगळ्यांनी पाणी घेतलं.”

ते तोटी बंद करत होते. म्हणाले, “ताई, ही तहान प्याली. मानसं कुठं प्याली?” तोटी घट्ट करून ते पुढे म्हणाले, “कोला माझ्या हातून समदे घेतेत. पाटील घेतेत, बामन घेतेत. कामून? वर झाकन हाय, आन ते अमेरिकेत बसीवलंय असं त्यास्नी वाटतंय. मान त्या झाकनाला हाय. माझ्या हाताला न्हाई.”

हे बोलताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. जणू रस्त्याचा एखादा खराब तुकडा ते मला दाखवून देत होते, उद्या तिथूनच जायचंय म्हणून.

लग्न होऊन मी लातूरला आले आणि तिथल्या शाळेत शिकवू लागले. दोन वर्षांनी एजन्सीने लातूरला डेपो काढला आणि सोनकांबळे बायको-मुलीसह आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायला आले. त्यांची बायको शेवंता. आम्ही तिला वहिनी आणि त्यांना भाऊ म्हणायचो. बोलायला सडेतोड आणि हाताला विलक्षण चव. नवऱ्याच्या कोलापुराणाचा तिला मनस्वी कंटाळा होता. कुणाचं डोकं दुखलं, की सोनकांबळे सुरू व्हायचे, “अहो, ह्ये निघालंच मुळी डोकंदुखीवर! एक औषधवाला हुता, लढाईत जखमी झालेला. त्यानं परसात काढा उकळला...” आणि वहिनी आतून ओरडायची, “त्यास्नी आधी गोळी द्या!”

सगळं ते खरंच सांगत असं नाही. कोला चंद्रावर नेला होता असं एकदा त्यांनी छातीठोक सांगितलं आणि मी कुठे वाचलंत असं विचारल्यावर, “वाचलं न्हाई, पन नेला आसंलच की,” म्हणून मोकळे झाले. काही गोष्टी मात्र त्यांनी हैदराबादला कंपनीच्या माणसांकडून नीट ऐकल्या होत्या. त्या सांगताना आवाज बदलायचा. त्यातली एक त्यांची फार लाडकी होती. त्या औषधवाल्याकडे एक मुनीम होता. पेयाला नाव त्याने सुचवलं आणि आपल्या वळणदार अक्षरात ते लिहूनही दिलं. “साधा मुनीम, ताई! हिशोब लिवता लिवता लिवलं असंल. आन तेच अक्षर आजवर समद्या जगात हाय. कुनाच्या हाताला कवा इज्जत मिळंल, सांगता येत न्हाई.”

सत्त्याहत्तर साली नवं सरकार आलं आणि कोलाचं बस्तान उठलं. परदेशी कंपनीने भागीदारी इथल्या लोकांच्या हाती द्यावी, पेयाचं गुपित सूत्र सांगावं, असं सरकारचं म्हणणं. कंपनी म्हणाली, सूत्र सांगणार नाही, देश सोडून जाऊ. आणि गेली. डेपोला कुलूप लागलं. लातुरातल्या टवाळांना निमित्त मिळालं. “काय सोनकांबळे, तुमी तरी सूत्र सांगून टाकायचं हुतं!”

त्या संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. मला वाटलं होतं, माणूस खचला असेल. ते म्हणाले, “ताई, एक गंमत सांगतो. इतकी वर्सं पाठीवर वाहिलं, पन आत काय हाय ते मला बी कदी सांगितलं न्हाई. मग दुसऱ्याचं कामून वाहावं? आता आपुन आपलंच करू.”

नांदेडला करीमचाचा म्हणून एक जुने सोडावाले होते. निजामाच्या काळापासून गोटी सोडा करत आलेले. त्यांच्या मुलांना या धंद्यात रस नव्हता. सोनकांबळे त्यांच्याकडे जाऊन राहिले, वायू भरायचं काम शिकले. निघताना चाचांनी जुनं यंत्र त्यांच्या हवाली केलं आणि एकच गोष्ट बजावली, “बेटा, बाटली ऐसे धोना, जैसे घर का बच्चा पिएगा.” लातूरला परतल्यावर झाकण बसवायचं हातयंत्र आलं, बाटल्या आल्या, आणि गल्लीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेमनचा कारखाना सुरू झाला.

आता नाव काय ठेवायचं? इथे मात्र घरात, भावकीत, सगळीकडे एकमत होतं. वहिनीचा भाऊ शिक्षक होता. तो उदगीरहून मुद्दाम आला. “दाजी, ‘न्यू लातूर कोल्ड्रिंक’ ठेवा, ‘गोदावरी’ ठेवा. काय बी ठेवा. आडनाव कशाला? गिऱ्हाइकाला आधीच कामून सांगायचं?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मलाही तेच वाटत होतं आणि मी तसं म्हणालेही.

सोनकांबळ्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडून बोरू आणि शाई मागून घेतली, जमिनीवर मांडी घालून कागदावर आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं, ‘सोनकांबळे लेमन’. ‘ळ’ जरा जास्तच गोल झाला. पेंटरला त्यांनी तोच कागद दिला आणि बजावलं, “सुधारू नका. हाय तसं काडा.” मेहुण्याला म्हणाले, “बाटली भरायची माझ्या हातानं, आन नाव दुसऱ्याचं? मग तर मी परत दुसऱ्याचीच बाटली वाहिली की.”

लेमन फार चांगली होती. मी पैजेवर सांगते, तशी लेमन मी पुन्हा प्यायले नाही. आंबटगोड, घशाशी जरा तिखट आणि मागून बारीकशी खारट. पण खपेना. ज्या हॉटेलांत ते इतकी वर्षं कोला देत आले, तिथे लोक खुर्ची पुढे करायचे, घरच्यांची विचारपूस करायचे आणि म्हणायचे, “ठेवा भाऊ, बगू.” पुढच्या खेपेला बाटल्या तशाच, वर धूळ. गोलाईतल्या, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजारपेठेतल्या, एका हॉटेलवाल्याने तर सरळ सांगितलं, “तुमच्याबद्दल कायच न्हाई हो. पन गिऱ्हाईक पाटी वाचतंय.”

ते घरी यायचे, पाय धुवायचे आणि म्हणायचे, “तिकडं बी पहिल्या साली दिसाला नऊच गिलास खपत हुते. नऊ! आन आता?”

वहिनी म्हणायची, “त्या नऊ गिलासावर त्यांचं घर चाललं आसंल. आपलं चालत न्हाई.” आणि शिलाई मशीनचं चाक फिरवायला घ्यायची. घर तेव्हा तिच्या मशीनवर चालत होतं.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात चाकूरच्या माधवरावांनी मुलीच्या लग्नासाठी लेमन मागवली. माधवरावांचं चाकूरच्या स्टँडवर हॉटेल होतं. कोलाच्या काळापासून सोनकांबळ्यांशी त्यांचा घरोबा. मुलगी सुनंदा लातूरला मामाकडे राहून माझ्याच शाळेत शिकली होती. एवढी मोठी मागणी पहिल्यांदाच आली होती. सोनकांबळे नवरा-बायको आणि मुलगी, तिघं राबली. ट्रॅक्टरवर क्रेट चढवताना भाऊ दर क्रेटला हात लावत होते, मुलीला सासरी पाठवताना लावतात तसा.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बातमी आली. वऱ्हाडातल्या पुष्कळ माणसांना हगवण-उलट्या लागल्या होत्या. चाकूरचा दवाखाना भरला होता, दोन म्हातारे तर अगदी अत्यवस्थ. आणि स्टँडवर, बाजारात, एस.टी.त एकच बोललं जात होतं. सोनकांबळ्याच्या लेमनने झालं.

तपासणीची माणसं आली, बाटल्यांचे नमुने घेतले आणि शेडला टाळं लावून गेली. जे थोडं खपत होतं तेही थांबलं. हॉटेलवाल्यांनी क्रेट रस्त्यावर आणून ठेवले. वहिनीकडे शिवायला टाकलेली कापडं बायका परत मागू लागल्या, त्याचं तर तिला फार लागलं. सोनकांबळे मात्र रोज सकाळी दवाखान्यात चाकूरला जायचे. त्या दोन म्हाताऱ्यांची चौकशी करायचे, बाहेर झाडाखाली बसायचे आणि संध्याकाळी परतायचे. मी म्हटलं, “भाऊ, लोक अंगावर येतील. कशाला जाता?”

“ताई,” ते म्हणाले, “मी बाटल्या लेकरागत धुतल्या. पन खरंच माझ्या हातून काय चुकलं आसंल तर? त्यातला एक जरी गेला, तर मी पुन्यांदा यंत्राला हात लावनार न्हाई.” त्यांचा चेहरा त्या दिवसांत असा झाला होता, की बघवत नव्हतं. कोलाची एकही गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली नाही.

दोन्ही म्हातारे वाचले. पण नमुन्यांचा निकाल येईना आणि संशय तर निकालाची वाट बघत नाही.

अशात एका दुपारी सुनंदा माझ्या दारात उभी. हळदीच्या अंगाची, हातात हिरवा चुडा. मांडवपरतणीला माहेरी आली होती आणि तशीच लातूरची एस.टी. धरून माझ्याकडे आली होती. आत येऊन बसली आणि पाणीही न पिता म्हणाली, “बाई, लेमन कुनी प्यालंच न्हाई.”

“म्हणजे?”

“क्रेट आले तवा चुलते म्हनाले, पंगतीत ही बाटली फिरली तर आमी उठून जाऊ. बाबांनी मग समदे क्रेट माझ्या खोलीत ठिवले. पलंगाखाली, भितीलगत थप्पी लावून. वर सतरंजी टाकली. अजून तिथंच हायेत, एक बी झाकन उगडलेलं न्हाई. लोकं आजारी पडली ती बासुंदीनं. आदल्या दिवशीची हुती. घरात समद्यास्नी ठाव हाय. पन वऱ्हाडानं क्रेट उतरताना बगितले हुते, तवा सरबतात तीच घातली आसंल म्हनून बोलायलेत.”

“मग सांगत का नाही?”

“कसं सांगावं बाई? लेमन न्हाई प्यालो म्हनलं, की कामून न्हाई प्यालाव, ते बी सांगावं लागंल. आन बासुंदी चुलत्याच्या घरची.” ती रडायला लागली. “सासरी हुते तवर मी गप बसले. पन ते काका रोज दवाखान्याच्या झाडाखाली बसलेले दिसतेत. मला जेवन जाईना.”

नव्या नवरीने बापाच्या आणि चुलत्याच्या विरुद्ध उभं राहायचं, त्यातून सासरचे काय म्हणतील ते वेगळंच. मी तिला हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “तुमी संगं याल का, तेवडं सांगा.”

आम्ही दोघी त्याच दिवशी चाकूरला गेलो. तिने डॉक्टरांसमोर उभं राहून जे होतं ते सांगितलं आणि त्यांना घरी नेऊन क्रेटांवरची सतरंजी ओढली. क्रेट होते तसे होते. झाकणं जागच्या जागी. माधवराव दारात उभे होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि खाली बसले. त्यांनी नाकारलं नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

परत येऊन मी सोनकांबळ्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. भाऊ ऐकत होते. वहिनी मशीनवरचा हात थांबवून ऐकत होती. मग भाऊ हळूच म्हणाले, “म्हंजी माझ्या हातून काय झालं न्हाई?”

“काही नाही भाऊ. कुणी प्यायलंच नाही.”

“कुनी प्यालंच न्हाई,” ते पुटपुटले, आणि अचानक हसायला लागले. आधी बारीक, मग खदखदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “शेवंते, ऐकलंस का? आपुन सुटलो! कामून, तर आपली लेमन कुनी प्यालंच न्हाई!” वहिनी आधी चिडली, “त्यात हसायचं काय?” आणि मग पदर तोंडाला लावून तीही हसू लागली. हसता हसता दोघंही रडत होती. त्या घरात इतक्या दिवसांनी श्वास मोकळा झाला होता. लेमन का कुणी प्यायलं नाही, याचा विचार करायला पुष्कळ दिवस होते. त्या संध्याकाळी फक्त एवढंच, की आपल्या हातून कुणाचा घात झाला नव्हता.

नमुन्यांचा निकालही स्वच्छ आला आणि टाळं निघालं, त्या दिवशी माधवराव आले. शेडच्या बाहेरच उभे राहिले. म्हणाले, “निवृत्ती, तोंड दाखवायला जागा न्हाई. क्रेट परत आनलेत. ट्रॅक्टरात हायेत.”

सोनकांबळ्यांनी ट्रॅक्टरात डोकावून पाहिलं. “ह्ये कसं चालंल, माधवराव? धंद्याचा कायदा तुमाला मालूम हाय. बाटल्या रिकाम्या परत घेतो मी. भरलेल्या न्हाई.”

माधवरावांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते तसेच वळले आणि ट्रॅक्टरात जाऊन बसले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. चाकूरला तेव्हा जे स्टँडवर होते, त्या पुष्कळांकडून ऐकलं आहे. भर बाजाराचा दिवस. माधवरावांनी क्रेट हॉटेलच्या पुढच्या फळीवर मांडले, एक बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर उभ्याने प्यायले. मग मोठ्याने म्हणाले, “माझ्या लेकीच्या लग्नाचं हाय. ज्याला मी आपला वाटतो, त्यानं घ्यावं.” पहिल्यांदा सुनंदा पुढे आली. मग तिचा नवरा आला. सासरहून तो तिला न्यायला आला होता. त्याने एक बाटली संपवून दुसरी मागितली म्हणतात. जावई पितो म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात! संध्याकाळी ट्रॅक्टर लातूरला परत आला तो खडखड वाजत. सगळ्या बाटल्या रिकाम्या. चुलते मात्र त्या दिवशी बाजाराकडे फिरकले नाहीत आणि पुढेही कधी प्यायले नाहीत. हेही खरंच आहे.

एका दिवसात जग बदललं असं मी म्हणणार नाही. पण बांध फुटला. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचे हेलपाटे संपले, कचेऱ्या आल्या, कुठकुठले कारकून, शिपाई, वकील आले. त्यांतल्या बऱ्याच जणांना आमच्याकडच्या आडनावांतून काय वाचायचं असतं ते ठाऊक नव्हतं, आणि घसा सगळ्यांचाच कोरडा पडत होता. हॉटेलांतून हाक ऐकू येऊ लागली, “दोन सोनकांबळे, थंड!” पहिल्यांदा मी ती गोलाईत ऐकली तेव्हा दचकलेच. ज्या आडनावावर माणसं थांबायची, ते आता तोंडभर मागून घेत होती. भाऊंना सांगितलं, तर मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, “आता मला हाक मारायची पंचाईत झाली बगा. मानूस मागतंय का बाटली, कळंना.”

नव्वदनंतर कोला देशात परत आला. मोठ्या गाड्या, मोठ्या पाट्या, फुकटचे फ्रीज. सोनकांबळे लेमन हळूहळू मागे पडली. मुलगी नर्स होऊन सोलापूरला गेली होती. एक दिवस भाऊंनी शेड रिकामी केली. मी विचारलं, वाईट वाटत नाही का? म्हणाले, “न्हाई ताई. काम झालं.”

त्यानंतर काही वर्षांनी मी मुलाकडे नांदेडला कायमची राहायला निघाले. निरोप घ्यायला गेले, तेव्हा ते म्हणाले, “बसा. कंपनीनं सूत्र सांगितलं न्हाई. मी तुमाला सांगतो. ध्यान देऊन ऐका.” आणि बोटांवर मोजत सुरू झाले, “कागदी लिंबं घ्यायची. साखरेचा पाक करायचा. पाक उकळताना आल्याचा रस...”

“उकळताना न्हाई!” आतून वहिनीचा आवाज आला. “उतरवल्यावर. नायतर उग्र व्हतंय. आन शेंदेलोन सांगितलं का?”

भाऊ थांबले. माझ्याकडे बघून ओशाळं हसले. “खरं सांगू का ताई? सूत्र समदं हिचंच हाय. मी फकस्त बाटल्या भरल्या.”

“आन नाव तुमचं लावलं!” वहिनी म्हणाली, पण दारात येऊन उभी राहिली ती हसतच. मग पुढचं तिने सांगितलं, मी ऐकलं, आणि ते शहाण्यासारखे गप्प बसले.

स्टँडवर मला सोडायला दोघंही आली होती. गाडी हलताना भाऊ खिडकीपाशी येऊन म्हणाले, “तिकडं गोदावरी हाय, पान्याची ददात न्हाई. लिंबं तेवडी बगून घ्या. पातळ सालीची.”

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. मला कळलं तेव्हा तीन दिवस होऊन गेले होते. मंडईत गेले, की मी लिंबं हातात घेऊन साल बघते.